रामनदीचं पाणलोट क्षेत्र आधी, महापालिकेची हद्द नंतर! आराखड्यासाठी मोफत मॉडेलिंग साधनं वापरूया का?

टेकडीवरून

नमस्कार मंडळी,

पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) २०२१ साली जाहीर झालेला प्रारूप विकास आराखडा २०२५ मध्ये शासनाने रद्द केला हे बऱ्याच जणांना माहितीये. म्हणजे पुण्याभोवतीच्या गावांचं नियोजन कधी ना कधी परत पहिल्यापासून होणार, परत नकाशे लागणार आणि हरकती-सूचनांसाठी आपल्याला परत तीस दिवस मिळणार. तीस दिवसांत काय होतं ते आपण बघितलंय, जो तो आपल्या गट नंबरवर रस्ता पडलाय की आरक्षण पडलंय एवढंच बघतो (त्यात चूक काहीच नाही, जमीन आयुष्यभराची असते) आणि ओढे, उतार, भूजल ह्यावर बोलायला कोणाला वेळही नसतो आणि हातात आकडाही नसतो. म्हणून म्हणतोय, आराखडा यायच्या आधीच आपण आपल्या नदीचं मॉडेल करून ठेवूया. सॉफ्टवेअर फुकट आहेत, उपग्रहाचा डेटा फुकट आहे, आणि माहीतगार माणसं ह्याच फोरमवर आहेत.

मी रामनदीपासून सुरुवात केलीये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही नदी मुळशी तालुक्यात खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावते, मग भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण तलाव असं करत औंधला मुळेला मिळते. आता ह्या एवढ्याशा नदीवर हक्क कोणाचा बघा. भुकूम-भूगाव ग्रामपंचायतीत, त्यांचं नियोजन पीएमआरडीएकडे, बावधन खुर्द १९९७ पासून महापालिकेत आणि बावधन बुद्रुक २०२१ ला २३ गावांबरोबर आलं, पूररेषा (पूर कुठपर्यंत पसरेल ती हद्द) आखणार पाटबंधारे खातं आणि ओढ्याची नोंद महसूलकडे. वरच्या गावात डोंगर फोडून प्लॉटिंग झालं की पाणी पाषाण-बाणेरला येतं, पण भूगावची बांधकाम परवानगी तपासताना खाली पाषाणला काय होईल हा प्रश्न विचारणं कोणाच्याच टेबलावर नाही. प्रत्येकाचा नकाशा स्वतःच्या हद्दीवर संपतो आणि पाणी तिथे थांबत नाही.

मी आत्तापर्यंत केलं ते एवढंच. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचं ३० मीटरचं उंचीचं मॉडेल (जीएलओ-३०) उतरवलं, क्यूजीआयएस ह्या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये डेटातले खोटे खळगे भरून घेतले, पाणी कुठल्या दिशेला जातं आणि कुठे किती गोळा होतं ते काढलं, औंधच्या संगमावर क्लिक करून सगळं पाणलोट क्षेत्र आखलं, त्यावर सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटरची चित्रं टाकली, २०१६ चं आणि आत्ताचं, दोन्ही उन्हाळ्यातली. आणि मग हद्दी टाकल्या. हद्दी टाकल्यावर लगेच दिसतं की नदीला पाणी देणारे वरचे बारके ओढे जवळपास सगळे महापालिकेच्या बाहेर आहेत आणि पूर ज्यांच्या घरात शिरतो ते सगळे आत आहेत.

ह्याचा आकडा कसा मांडायचा ते पण सांगतो, कारण हरकतीत भावना चालत नाहीत आकडे चालतात. छोट्या पाणलोटासाठी इंजिनिअर लोक जे साधं सूत्र वापरतात त्यात प्रवाह म्हणजे वाहण्याचा गुणांक गुणिले पावसाचा जोर गुणिले क्षेत्र, भागिले ३६०. समजा १०० हेक्टरचा डोंगरउतार आहे आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडतोय. गवत-झाडी असेल आणि गुणांक ०.३ धरला तर सेकंदाला साधारण ४ घनमीटर पाणी येतं, तेच सगळं काँक्रीट-डांबर-छप्पर झालं आणि गुणांक ०.८ झाला तर ११ घनमीटर. पुणेकरांना क्युसेक कळतात म्हणून क्युसेकमध्ये, दीडशेचे जवळजवळ चारशे झाले, पाऊस तेवढाच. आणि जे पाणी एका तासात जमिनीत मुरलं असतं आणि आता मुरत नाही ते २५ हजार घनमीटर, म्हणजे अडीच कोटी लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच हजार टँकर. बावधन-भूगावच्या सोसायट्या मार्च ते जून टँकरवर असतात. एकाच डोंगराचं नियोजन चुकलं की पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात टँकर, दोन्ही एकाच नदीच्या पाणलोटात.

मला सामुदायिकपणे करायचंय ते असं की रामनदीचं पूर्ण पाणलोट एकत्र धरून आज काय आहे आणि सगळं रहिवासी झोनमध्ये गेलं तर काय होईल हे दोन्ही मॉडेलमध्ये चालवून नकाशे तयार ठेवायचे. कोणाला काय येतं, काय डेटा आहे, लिहा.

---

पाषाणवासी

खूप गरजेचा धागा. ४ ऑक्टोबर २०१० ची संध्याकाळ आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही, शिवाजीनगरला चोवीस तासांत १८० मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला आणि रामनदी एवढी फुगली की माणसं वाहून गेली. तोपर्यंत आमच्यातले निम्मे लोक तिला नालाच समजायचे.

माझ्याकडे तांत्रिक काही नाही पण आमच्या गल्लीत पाणी कुठपर्यंत आलं होतं त्या खुणा मला माहितीयेत, दोन-तीन सोसायट्यांच्या पार्किंगच्या भिंतीवर अजून दिसतात. ह्याचा उपयोग होतो का?

आणि मुख्य शंका, आपण कितीही नकाशे केले तरी अधिकारी बघतील का?

---

जलवेडा

पाषाणवासी, तुमच्या भिंतीवरच्या खुणा म्हणजे सोनं आहे. मॉडेल कोणीही चालवू शकतं, ते खरं आहे का हे फक्त अशा खुणांवरूनच कळतं. प्रत्येक खुणेचा फोटो, जमिनीपासूनची उंची टेपने मोजून, मोबाइलवरचं अक्षांश-रेखांश आणि कुठल्या पुराची खूण आहे ते साल, एवढं जमा करा. जुन्या लोकांना विचारा, साल नीट विचारा.

टेकडीवरून, सुरुवात छान आहे पण ३० मीटरच्या उंचीवर पुराचा नकाशा काढून कुठेही देऊ नका, तो पहिल्याच सुनावणीत पडेल. कारण सांगतो. ते मॉडेल जमिनीचं नाही, वरून दिसणाऱ्या पृष्ठभागाचं आहे, त्यात झाडं आणि इमारती पण धरलेल्या असतात, म्हणजे बावधनमधली बारा मजली इमारत तुमच्या मॉडेलमध्ये टेकडी होते आणि पाणी तिला वळसा घालून भलतीकडे जातं. रामनदीचं पात्र बऱ्याच ठिकाणी दहा-पंधरा मीटरसुद्धा नाहीये, ते ३० मीटरच्या एका चौकोनात गायब होतं. आणि रस्त्याखालची मोरी उपग्रहाला दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक रस्ता हा धरण बनतो, मागे तळं साठलेलं दाखवतं. मोरी प्रत्यक्षात तुंबलेली असेल तर ते खरंही होतं, पण ते मॉडेलला माहीत असून दाखवलेलं नाही.

पाणलोटाची हद्द काढायला, कुठला ओढा कुठे मिळतो हे बघायला ३० मीटर पुरेसं आहे. इमारती-झाडं वजा केलेलं ब्रिस्टल विद्यापीठाचं फॅबडेम आहे, बिगर-व्यावसायिक कामाला मोफत, ते वापरून बघा. त्यात ओढ्याच्या रेषा हाताने काढून 'कोरून' घ्या म्हणजे पाणी पात्रातूनच जाईल. पण पूर कुठल्या घरात शिरेल हे सांगायचं तर पात्राचे काटछेद (आडवे छेद, पात्र कुठे किती रुंद आणि खोल ते) मोजावेच लागतात, दर शंभर-दोनशे मीटरला एक आणि प्रत्येक पुलाच्या वर-खाली. डंपी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (मोजपट्टी) घेऊन दोन-तीन माणसं ते करू शकतात, सिव्हिलच्या मुलांना सर्व्हेचा सराव हवाच असतो.

त्यानंतर अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर विभागाचं हेक-रास आहे, पूर्ण मोफत, त्यात आता पाऊस थेट जाळीवर पाडता येतो आणि पाणी दोन दिशांनी पसरताना बघता येतं. आणि वस्तीतल्या पावसाळी गटारांसाठी अमेरिकेच्याच पर्यावरण संस्थेचं स्विम (SWMM), १९७१ पासूनचं आहे, ते पण मोफत. दोन्हीची कामं वेगळी आहेत, नदीला हेक-रास, गटारांना स्विम. स्विममध्ये शोषखड्डे, साठवण तळी, पाणी मुरणारी फरसबंदी टाकून फरक बघता येतो, त्यामुळे तुम्हाला 'काय करू नका' बरोबर 'काय करा' पण सांगता येईल.

अजून एक, पाऊस कुठला घेणार? शिवाजीनगर वेधशाळेचा पाऊस भुकूमला चालत नाही. पुण्यातून पश्चिमेला मुळशीकडे जाल तसा पाऊस झपाट्याने वाढतो.

---

नगररचना_शिकतेय

अधिकारी बघतील का ह्यावर. मुंबईचं उदाहरण लक्षात ठेवा. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा आला आणि दोनच महिन्यांत, एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मागे घ्यायला लावला. का, तर लोकांनी वॉर्डावॉर्डात नकाशे तपासून चुका काढल्या, असलेल्या गोष्टी नाहीत दाखवलेल्या, नसलेल्या आहेत दाखवलेल्या. त्याच्या आधी सध्याच्या भूवापराच्या नकाशावर पण नागरिकांनी असंच काम केलं होतं. दुरुस्त आराखडा शेवटी २०१८ ला मंजूर झाला. तेव्हा बघतात, पण चूक जागेवर बोट ठेवून दाखवावी लागते.

एमआरटीपी कायद्यात (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) कलम २५ खाली आधी सध्याच्या भूवापराचा सर्व्हे आणि नकाशा करावा लागतो, कलम २६ खाली प्रारूप जाहीर होतो, मग २८ खाली सुनावणी. आपलं लक्ष सगळं २६ वर असतं. खरा जोर २५ च्या वेळी लावायला हवा, कारण ओढा भूवापर नकाशात दिसलाच नाही तर पुढच्या प्रत्येक नकाशात तो नसतो, आणि मग तिथे रस्ता किंवा रहिवासी झोन पडला तर ते 'नियमाप्रमाणेच' असतं.

आणि मागणी काय करायची ते ठरवा. माझ्या मते पहिली मागणी हीच हवी की आराखड्याचे थर जीआयएस स्वरूपात, म्हणजे मोजमाप करता येईल अशा डिजिटल नकाशात द्या. आत्ता आपल्याला स्कॅन केलेली पीडीएफ मिळते, झूम केलं की गट नंबर फाटतात, त्यावर मोजमाप करता येत नाही. अमृत योजनेत देशातल्या ५०० शहरांचे आराखडे १:४००० ह्या मापाच्या जीआयएसवर करायचं २०१५ मध्येच ठरलं, म्हणजे कार्यालयात थर डिजिटलच असतात, लोकांना देताना त्याचं चित्र करून देतात. थर मिळाले तर तुमचं पाणलोट त्यावर टाकून पाच मिनिटांत कळेल की किती ओढ्यांवर रहिवासी झोन पडलाय.

---

मुळशीचा_गडी

सगळं वाचलं. मी वरच्या गावातला आहे म्हणून बोलतो, राग मानू नका.

आमच्याकडे ओढा पाइपात घालून वर भराव टाकला तेव्हा गावातल्या पोरांनी अर्ज दिले, कोणी आलं नाही. आता शहरातली मंडळी नकाशा काढणार आणि त्यात आमचे डोंगराकडचे गट निळे-हिरवे रंगवणार, इथे पाणी साठवा, इथे बांधू नका. पूर पाषाणचा वाचणार आणि जमीन आमची अडकणार. ज्यानं आधीच विकून बंगले बांधू दिले तो मोकळा, ज्यानं शेती राखली त्याच्यावर 'ना-विकास झोन', म्हणजे बांधकाम बंद. हे मॉडेल त्याचा हिशोब करतं का? करत नसेल तर आमच्या ग्रामसभेत हे घेऊन येऊ नका, लोक ऐकणार नाहीत.

---

टेकडीवरून

दादा, राग कसला, हा ह्या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि मॉडेल स्वतःहून त्याचा हिशोब करत नाही हे खरंय. पण करायला लावता येतं. तुमच्या गटात पाणी थांबल्यामुळे खाली किती पूर कमी होतो हे गटनिहाय काढता येतं. एकदा मॉडेलमध्ये तुमचा गट आजच्यासारखा ठेवायचा, एकदा काँक्रीट करायचा, खाली पाषाणला पातळी किती वाढली ते बघायचं. तो फरक म्हणजे तुम्ही शहराला देताय ती सेवा, आणि तिचे पैसे मागायला आकडा तुमच्या हातात असेल, शहराच्या नाही.

पुण्यात टेकड्यांच्या बाबतीत हे उलटं झालं. १९९७ ला आलेल्या २३ गावांमधलं ९७८ हेक्टर जैवविविधता उद्यान म्हणजे बीडीपीसाठी आरक्षित झालं, मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) ठरवला, आणि जमीनमालकांना तो मान्य नाही म्हणून जागा ताब्यात येत नाही, तोवर टेकडीवर अतिक्रमण चालू. टेकडी वाचवायची हे बरोबरच होतं, पण ती टेकडी शहरासाठी किती काम करते हे कोणी मोजून मोबदल्याला जोडलं नाही. वरच्या गावांशी तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे काम ग्रामसभेत न्यायचं ते तयार नकाशा घेऊन नाही, कोरा नकाशा घेऊन. कुठला ओढा बुजवलाय, कुठे विहिरीला पाणी टिकतं, कुठे झरा आहे, हे गावानं भरायचं.

स्टॅनफर्डच्या लोकांनी इन्व्हेस्ट म्हणून साधनांचा संच केलाय, मोफत आहे, त्यात शहरी पूर कमी होण्याचं आणि झाडी-मोकळ्या जमिनीमुळे हवा थंड राहण्याचं अशी वेगवेगळी मॉडेलं आहेत. ढोबळ आहेत, पण नुकसानीची किंमत घालता येते, मोबदल्याच्या चर्चेला तेवढं पुरतं.

---

मुळशीचा_गडी

कोरा नकाशा घेऊन येणार असाल तर या. बुजवलेले ओढे मी स्वतः दाखवतो.

---

निवृत्त_भूमापक

बुजवलेल्या ओढ्यांसाठी उपग्रह नको, गाव नकाशा बघा. माझी सगळी नोकरी मोजणीत गेली. जुन्या गाव नकाशावर ओढा-नाला, पाणंद, शिव, विहीर सगळं आहे, आणि ओढ्याला गट नंबर नसतो, तो दोन गटांच्या मधून मोकळा सोडलेला असतो. आज जागेवर भिंत असेल पण नकाशात तो पट्टा मोकळाच दिसतो. हीच तुमची कागदावरची ताकद. कोणी म्हणालं इथे ओढा नव्हताच तर नक्कल पुढे करायची.

महाभूनकाशा साइटवर गटांच्या हद्दी दिसतात, पण जुनी नक्कल भूमी अभिलेख कार्यालयातून रीतसर काढा. ती स्कॅन करून क्यूजीआयएसमध्ये बसवायची तर खुणा अशा निवडा ज्या हलल्या नाहीत, शिवेवरचे दगड जिथे तीन गावं मिळतात, जुनं देऊळ, दगडी बांधाच्या विहिरी. रस्त्याचे कोपरे घेऊ नका, रस्ते रुंद झालेत. चार कोपऱ्यांत खुणा घेऊन भागत नाही, नकाशाभर पसरून घ्या. कागद आकसलेला असतो, एका बाजूला जास्त एका बाजूला कमी. सर्वे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या टोपोशीट पण आता फुकट उतरवता येतात, त्यात ओढे निळ्या रेघेत आहेत, पडताळणीला घ्या.

---

जलवेडा

भूमापक काका, तुमचा प्रतिसाद वर पिन करायला हवा!

उताराबद्दल एक धोका सांगून ठेवतो, कारण तो थेट झोनिंगला लागतो. १:५ पेक्षा जास्त उतार असेल तर बांधकामाला मनाई हा नियम बहुतेकांना माहितीये, १:५ म्हणजे २० टक्के, म्हणजे सव्वाअकरा अंश. आता उतार ३० मीटरच्या डेटावर काढला तर तो सपाट होतो, छोटा पण खडा उतार सरासरीत विरघळतो. जागेवर २५ टक्के असलेला तुकडा संगणकावर १६ टक्के दिसू शकतो आणि बांधकामयोग्य ठरतो. म्हणजे बारीक डेटा घेतला की जाडा घेतला एवढ्या एका निर्णयावर एकरांच्या एकर इकडचे तिकडे जातात. त्यामुळे आराखड्याबरोबर उताराचा नकाशा मिळाला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, उंचीचा डेटा कुठला, किती मीटरचा, कुठल्या सालचा.

पूररेषेचंही तसंच, मुठेचं बघा. निळी पूररेषा ६० हजार क्युसेकला, लाल रेषा १ लाखाला. आणि २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास सोडलं तर सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरात पाणी. रेषा आखली तेव्हाचं पात्र आणि आजचं पात्र एक नाही, मध्ये भराव आलेत, आणि धरणाच्या खालच्या ओढ्यांचं पाणी विसर्गात मोजलेलंच नसतं. एकदा आखलेली रेषा वीस वर्षं तशीच वापरायची म्हणजे मॉडेल नव्हे. काटछेद बदलले की परत चालवायला हवं, आणि ते आता संगणकावर काही तासांचं काम आहे.

---

डिचोलीची

गोव्याहून लिहितेय. आमच्याकडे प्रादेशिक आराखडा हा विषय घराघरात आहे. २०११ पर्यंतचा आराखडा लोकांनी रस्त्यावर येऊन २००७ मध्ये रद्द करायला लावला, मग वास्तुविशारद चार्ल्स कोरिआंच्या टास्क फोर्सने २०२१ पर्यंतचा आराखडा केला, त्यात इको-१, इको-२ असे पर्यावरणाचे विभाग आखले आणि गावागावाचे नकाशे पंचायतीत चर्चेला आले. लोक ते नकाशे वाचायला शिकले, हा मोठा फायदा. पण नंतर कायद्यात कलमं घालून एकेका सर्व्हे नंबरचा झोन बदलायची सोय झाली, त्यावर कोर्टात लढाया चालल्यात. म्हणून सांगते, मॉडेल एकदा करून थांबू नका. एकेक प्लॉट सुटा बदलला की त्याचा परिणाम कमीच दिसतो, शंभर प्लॉट एकत्र घातले की कळतं. झोन बदलाची प्रत्येक जाहिरात त्याच नकाशात टाकत राहायची.

आणि किनाऱ्यावर काम करणाऱ्यांसाठी एक इशारा. आमची खाजन शेती (खाडीकाठची बांध घातलेली शेती) भरतीच्या पातळीच्या खाली असते, बांध आणि मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, ह्यावर ती जगते. तिथे अर्ध्या मीटरचा फरक म्हणजे शेत की खाडी हा फरक. उपग्रहाच्या उंचीत चूक मीटरांमध्ये असते. समुद्राची पातळी वाढली तर काय बुडेल असे रंगीत नकाशे इंटरनेटवर फिरतात, त्यात बांध दिसत नाहीत आणि मानस उघडी की बंद हेही नाही. मानशीची राखण करणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय खाजनाचं मॉडेल करू नये.

---

डेल्फ्टवरून

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या नेदरलँड्समध्ये. इथे अख्ख्या देशाची उंची विमानातून लेझरने मोजलीये, अर्ध्या मीटरच्या जाळीवर, आणि ती कोणालाही मोफत उतरवता येते. त्यावर विद्यापीठाने देशातल्या सगळ्या इमारतींचं त्रिमितीय मॉडेल करून खुलं ठेवलंय. आणि २००३ पासून नियम असा की नगररचनेचा कुठलाही बदल करण्याआधी जल-मंडळाला विचारायचं, तुम्ही बदल केलात तर पाणी कुठे जाणार, ते दाखवा. ही जल-मंडळं नगरपालिकेच्या हद्दीवर चालत नाहीत, पाण्याच्या हद्दीवर चालतात, काही तर शेकडो वर्षं जुनी आहेत.

इथली जमीन सपाट, आपली सह्याद्रीची, पाऊस पण वेगळा, त्यामुळे इथलं जसंच्या तसं उचलून चालणार नाही. पण आधी पाण्याची परीक्षा मग झोन, हा क्रम आपल्याकडे घ्यायला काहीच अडचण नाही. पुण्याच्या भागात ड्रोन किंवा लेझर सर्व्हे सरकारी कामांसाठी होतच असतील, भूस्थानिक डेटाचे नियम पण २०२१ ला बरेच सैल झालेत, मग तो डेटा नियोजनासाठी नागरिकांना मिळावा अशी मागणी लावून धरा. पैसे जनतेचेच गेलेत त्यात.

---

नगररचना_शिकतेय

पाण्याबरोबर लोकसंख्येचं पण बोलायला हवं, सगळा आराखडा त्या आकड्यावर उभा असतो. शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झालीच नाही. म्हणजे भूगाव, भुकूम, सूस, म्हाळुंगे अशा गावांची लोकसंख्या अजून कागदावर २०११ ची आहे आणि पुढचा अंदाज ती वाढवत नेऊन काढतात, अंकगणिती, भूमितीय, वाढत्या वाढीची पद्धत वगैरे. ज्या गावात तेव्हा शेतं होती आणि आता टॉवर आहेत तिथे ह्या पद्धती कशा चालतील? आकडा कमी आला की पाणी-सांडपाण्याची तरतूद कमी आणि जास्त फुगवला की 'गरज आहे' म्हणून शेती रहिवासी झोनमध्ये.

ह्याला पर्याय आहेत. गुगलच्या खुल्या इमारत-डेटात घरांचे आकार मिळतात, ग्रामपंचायतीकडे घरपट्टीच्या नोंदी, वीज मीटरची संख्या, हे तिन्ही एकमेकांशी ताडून गावाची आजची लोकसंख्या बऱ्यापैकी काढता येते. आणि शहर कुठल्या दिशेने पसरेल ह्यासाठी स्ल्यूथ नावाचं जुनं मॉडेल आहे, उतार, भूवापर, वगळलेली क्षेत्रं, आधीची वस्ती, रस्ते ह्यावरून पुढच्या वर्षांचा पसारा दाखवतं. क्यूजीआयएसमध्ये मोलुस्के प्लगिन त्याच जातीचं आहे.

पण अशा मॉडेलबद्दल माझं ठाम मत आहे की त्याचं उत्तर भविष्य म्हणून कोणाला दाखवू नये. ते मागच्या दहा वर्षांत जे झालं तेच पुढे ओढतं. मागे नियम मोडून डोंगर फोडले असतील तर ते पुढेही डोंगर फोडलेलेच दाखवणार, आणि मग कोणीतरी तोच नकाशा पुढे करून म्हणणार, बघा इथे शहर येणारच आहे, झोन बदला. म्हणून त्यात वगळलेल्या क्षेत्राचा थर आपण द्यायचा, पूररेषा, ओढे, १:५ चे उतार, झऱ्यांचे पुनर्भरण भाग, आणि मग विचारायचं की हे सगळं वगळूनही वाढीला जागा पुरते का. पुरली तर 'इथे शहर येणारच आहे' हा युक्तिवादच संपतो.

---

पाषाणवासी

खुणा गोळा करायला लागलोय, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर लोकांनी २०१० चे फोटो पण पाठवले, मागे दुकानाची पाटी दिसते त्यामुळे पाण्याची उंची काढता येईल. एक शंका, मोबाइलचं लोकेशन क्यूजीआयएसमध्ये टाकलं तर नदीपासून लांब कुठेतरी पडतंय आणि अंतर मोजलं तर ०.००३ असलं काहीतरी येतंय.

---

जलवेडा

अंतर अंशांत येतंय तुमचं. प्रोजेक्टचं सीआरएस (नकाशाची निर्देशांक पद्धत) बदला, पुण्यासाठी मीटरमध्ये मोजणारं यूटीएम झोन ४३ उत्तर, त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३. मोबाइलचे बिंदू मात्र ४३२६ (अक्षांश-रेखांशाचा कोड) म्हणूनच आत घ्यायचे, मग ३२६४३ मध्ये नवीन फाइल म्हणून सेव्ह करायचे. आणि बिंदू लांब पडतायत ते बहुतेक अक्षांश-रेखांश उलटे टाकलेत म्हणून, एक्समध्ये ७३ ने सुरू होणारा आकडा, वायमध्ये १८ ने सुरू होणारा. इमारतींच्या मधे मोबाइल पाच-दहा मीटर इकडेतिकडे करतोच, त्यामुळे खूण कुठल्या भिंतीवर आहे ते लिहून ठेवा, मी उपग्रहाच्या चित्रावर हाताने बसवून देतो.

---

टेकडीवरून

सगळ्यांचे आभार. ठरलेलं लिहितो म्हणजे कामं वाटली जातील. आधी भुकूम-भूगाव, कोरा गाव नकाशा घेऊन, मुळशीचा_गडी दादा तारीख सांगतील त्या दिवशी, भूमापक काका बरोबर येणार असतील तर फारच उत्तम. काटछेद पाऊस संपल्यावर, पाणी उतरलं की. नगररचना_शिकतेय ताई, जीआयएस थर मागण्याचा अर्ज तुम्ही लिहाल का? माहिती अधिकारात वेगळा आणि नियोजन प्राधिकरणाला वेगळा असे दोन हवेत, आणि दोन्हीत उंचीच्या डेटाचा स्रोत, माप आणि साल विचारलेलं हवं.

---

नगररचना_शिकतेय

लिहिते. लोकसंख्येचा अंदाज कुठल्या पद्धतीने काढला तेही त्यात विचारते. मसुदा इथेच टाकते, दुसऱ्या नद्यांवर काम करणाऱ्यांनी गावाची नावं बदलून तोच वापरावा.

---

मुळशीचा_गडी

भात काढणी झाल्यावर या, तोवर शेतातून चालता यायचं नाही. आमच्याकडे खाटपेवाडीच्या बाजूचे ओढे कोणाला नावानिशी माहीत असतील तर म्हाताऱ्या मंडळींना, त्यांना मी त्या दिवशी देवळात बोलावून ठेवतो. नकाशा मोठा छापून आणा, मोबाइलवर त्यांना दिसत नाही.

---

निवृत्त_भूमापक

येतो. नकाशा ए-झिरोवर छापा आणि गट नंबर ठळक ठेवा. टेप, प्लंब आणि माझी जुनी साखळी मी घेऊन येतो.